पेशीवाचून किण्वन : एडुआर्ट बुखनर यांचे जीवन आणि कार्य

आदल्या रात्री वाटून ठेवलेले इडलीचे पीठ सकाळी भांड्याच्या काठापर्यंत चढलेले असते, जिलबीचे पीठ आंबते, पावाची कणीक फुगून दुप्पट होते. आंबण्याची ही क्रिया माणसाला हजारो वर्षांपासून परिचित आहे. द्राक्षाच्या रसाची वाइन आणि जवाची बिअर याच क्रियेतून तयार होते. परंतु हे काम नेमके कोण करते, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत कोणाजवळही नव्हते. ते शोधून काढण्याचा मान जर्मन रसायनशास्त्रज्ञ एडुआर्ट बुखनर यांच्याकडे जातो. यीस्टच्या पेशी चिरडून काढलेला, एकही जिवंत पेशी नसलेला रस साखरेचे अल्कोहोल बनवू शकतो, हे त्यांनी १८९७ साली जगापुढे मांडले. आजच्या जीवरसायनशास्त्राचा आरंभ पुष्कळ अभ्यासक या शोधापासून मानतात. विकरे, म्हणजे एन्झाइमे, पेशीतून बाहेर काढून कारखान्यात वापरणे आणि विजेच्या साहाय्याने त्यांच्याकडून मौल्यवान रसायने तयार करवून घेणे, या आधुनिक उद्योगांची मुळेही त्याच रसापर्यंत पोहोचतात.

एडुआर्ट बुखनर यांचा जन्म २० मे १८६० रोजी बव्हेरियाची राजधानी म्युनिक येथे झाला. वडील एर्न्स्ट बुखनर वैद्यकीय क्षेत्रातील होते. न्यायवैद्यकशास्त्राचे प्राध्यापक म्हणूनही त्यांनी काम केले. धाकट्या मुलाने व्यापारात शिरावे असा घरचा विचार होता. १८७२ मध्ये वडील वारले, तेव्हा एडुआर्ट शाळकरी वयाचे होते. अशा प्रसंगी मुलाचे शिक्षण थांबणे त्या काळी नवलाचे नव्हते. ते थांबले नाही, याचे श्रेय थोरले बंधू हान्स यांचे. हान्स त्यांच्याहून दहा वर्षांनी मोठे. पुढे नामवंत जीवाणुशास्त्रज्ञ झाले. धाकट्या भावाला व्यापाराकडे न वळवता त्यांनी त्याच्या शिक्षणाची जबाबदारी उचलली. पुढे याच भावाच्या संस्थेत एडुआर्ट यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा शोध लागायचा होता.

शालेय शिक्षण पूर्ण झाल्यावर एडुआर्ट यांनी काही काळ तोफखान्यात लष्करी सेवा केली आणि मग म्युनिकच्या तंत्रशाळेत एर्लेनमायर यांच्या प्रयोगशाळेत रसायनशास्त्र शिकण्यास आरंभ केला. परंतु पैशांची चणचण भासू लागली आणि शिक्षण अर्धवट सोडून नोकरी धरावी लागली. सुमारे चार वर्षे त्यांनी म्युनिक आणि मोम्बाख येथील, डबाबंद खाद्यपदार्थ तयार करणाऱ्या कारखान्यांत काढली. फळे, भाज्या आणि मांस नासू न देणे हे तेथील काम. पदार्थ नासतो कसा आणि त्याचे आंबणे थोपवायचे कसे, याचा त्यांना तेथे रोज प्रत्यक्ष अनुभव येत होता.

१८८४ मध्ये त्यांनी पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली. रसायनशास्त्रासाठी आडोल्फ फॉन बायर आणि वनस्पतिशास्त्रासाठी कार्ल फॉन नेगेली हे गुरू लाभले. बायर हे त्या काळातील अग्रगण्य सेंद्रिय रसायनशास्त्रज्ञ. कृत्रिम निळीचे संशोधन त्यांच्या नावाशी जोडलेले आहे. नेगेली यांच्या संस्थेत हान्स यांच्या देखरेखीखाली एडुआर्ट यांनी किण्वनावर ऑक्सिजनचा काय परिणाम होतो याचा अभ्यास केला आणि १८८५ मध्ये आपला पहिला निबंध प्रसिद्ध केला. किण्वनासाठी ऑक्सिजनचा अभाव आवश्यक आहे, हे लुई पाश्चर यांचे मत त्या निबंधातील निष्कर्षाशी जुळत नव्हते. पंचविशीतला विद्यार्थी आपल्या पहिल्याच निबंधात पाश्चर यांच्यापेक्षा वेगळे मत मांडतो, ही साधी गोष्ट नव्हती.

पुढे शिष्यवृत्ती मिळाल्याने आर्थिक विवंचना कमी झाली आणि १८८८ मध्ये त्यांनी म्युनिक विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. टेओडोर कुर्टियुस या मित्र आणि सहकाऱ्यासमवेत त्यांनी नायट्रोजनयुक्त सेंद्रिय संयुगांवर मौलिक काम केले. पायराझोल हे संयुग त्यांनी १८८९ मध्ये तयार केले. आज अनेक औषधांच्या रेणूंमध्ये त्याचे कडे आढळते. बेंझिनचे सहा कार्बनांचे कडे वाढवून सात कार्बनांचे करणारी एक अभिक्रियाही त्यांच्या नावाने ओळखली जाते. येथे एक गैरसमज दूर करणे योग्य ठरेल. महाविद्यालयीन प्रयोगशाळेत गाळण्यासाठी वापरले जाणारे चिनी मातीचे सच्छिद्र तळाचे फनेल यांचे नव्हे. ते एर्न्स्ट ब्यूखनर या वेगळ्या जर्मन रसायनतज्ज्ञाच्या नावाने ओळखले जाते. दोन्ही नावांच्या उच्चारांत फार थोडा फरक असल्याने घोटाळा होतो.

बुखनर यांच्या शोधाचे महत्त्व कळण्यासाठी त्या काळातील एक वाद समजून घेणे आवश्यक आहे. जर्मनीतील युस्टुस फॉन लीबिग यांच्या मते किण्वन ही निव्वळ रासायनिक क्रिया होती. कुजणाऱ्या द्रव्याच्या संपर्कात आलेली साखर मोडते, एवढाच त्याचा अर्थ. उलट पाश्चर यांनी १८५७ पासून केलेल्या प्रयोगांतून दाखवले की जेथे अल्कोहोल तयार होते तेथे जिवंत यीस्ट असतेच. म्हणून किण्वन हे जीवनाचेच कार्य होय. प्रयोगांचे बळ पाश्चर यांच्या बाजूने होते आणि त्यांचे मत जवळजवळ सर्वमान्य झाले.

तरीही एक अडचण शिल्लक होती. जवाच्या मोडांतून मिळणारे डायास्टेज पेशीबाहेर स्टार्चची साखर करते, हे १८३३ पासून ठाऊक होते. जठररसातील पेप्सिन परीक्षानळीतही प्रथिने पचवते. यीस्टमधून काढलेले इन्व्हर्टेज उसाच्या साखरेचे दोन सोप्या शर्करांमध्ये विभाजन करते. एन्झाइम हा शब्दच मुळी यीस्टमध्ये या अर्थाच्या ग्रीक शब्दांवरून बनवलेला आहे. मग पेशीबाहेर काम करणारी विकरे आणि पेशीच्या आत चालणारे किण्वन या मुळातच दोन वेगळ्या गोष्टी मानायच्या काय? सजीवांच्या अंतरंगात एखादी खास जीवनशक्ती वावरते, आणि तिचे रसायन प्रयोगशाळेत कधीच उतरवता येणार नाही, असे मानणारे विद्वान पुष्कळ होते. त्यांच्या दृष्टीने अल्कोहोली किण्वन हा सर्वांत भक्कम पुरावा होता. यीस्टची पेशी फोडून तिच्यातील किण्वनकारक द्रव्य मिळवण्याचे प्रयत्न झाले होते, पण ते फसले होते. प्रयत्न करणाऱ्यांत खुद्द पाश्चर होते, तसेच बुखनर यांचे गुरू नेगेली हेही होते. यीस्टची पेशी मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही लहान आणि तिची भित्तिका चिवट. ती फोडायला उष्णता किंवा तीव्र रसायने वापरावीत, तर आतील नाजूक द्रव्येच नष्ट होत.

म्युनिकमध्ये अध्यापन करत असताना बुखनर यांना बायर यांनी विशेष आर्थिक साहाय्य मिळवून दिले आणि त्यातून किण्वनरसायनासाठी एक छोटी प्रयोगशाळा उभी राहिली. १८९३ मध्ये तेथे यीस्टच्या पेशी फोडण्याचे पहिले प्रयोग झाले. परंतु प्रयोगशाळेच्या व्यवस्थापक मंडळाला त्यांत अर्थ दिसला नाही. यीस्ट वाटण्याचे प्रयोग गेली चाळीस वर्षे होत आलेले आहेत, त्यातून नवे काय निघणार, असा मंडळाचा ग्रह झाला. काम थांबवावे लागले आणि पुढील तीन वर्षे ते बाजूलाच पडून राहिले. मंडळाचा तर्क तसा चुकीचा म्हणता येणार नाही. आधीच्या अपयशांचा अनुभव त्याच्या पाठीशी होता. बुखनर यांनीही वाद वाढवला नाही. त्यांनी १८९३ च्या शरद ऋतूत कील येथे नोकरी स्वीकारली आणि १८९६ मध्ये ट्यूबिंगेन विद्यापीठात विश्लेषणात्मक व औषधी रसायनशास्त्राचे प्राध्यापक म्हणून ते रुजू झाले. यीस्टचा विषय मात्र त्यांनी मनातून काढून टाकला नव्हता.

दरम्यान हान्स बुखनर म्युनिकच्या आरोग्यशास्त्र संस्थेचे प्रमुख झाले होते. रक्तद्रवात जंतूंचा नाश करणारे द्रव्य असते, हे दाखवून त्यांनी रोगप्रतिकारशास्त्रात नाव मिळवले होते. जीवाणूंच्या पेशींमधील प्रथिने काढून ती औषधासाठी वापरता येतील काय, हा त्यांचा शोधविषय होता. त्यासाठी पेशी फोडून आतील द्रव्य जसेच्या तसे मिळवण्याची रीत हवी होती. सरावासाठी यीस्ट सोयीचे होते. बिअरच्या कारखान्यांनी गजबजलेल्या म्युनिकमध्ये ते हवे तेवढे मिळे. हान्स यांचे साहाय्यक मार्टिन हान हे या कामात होते. १८९६ च्या शरद ऋतूतील सुट्टीत एडुआर्ट ट्यूबिंगेनहून म्युनिकला आले आणि भावाच्या संस्थेत त्यांनी तीन वर्षांपूर्वी सोडलेला धागा पुन्हा हाती घेतला.

त्यांची कृती आज वाचली तर ती एखाद्या पाककृतीसारखी साधी वाटते. बिअरच्या कारखान्यातील १००० ग्रॅम यीस्ट घ्यायचे. त्यात तेवढीच गारेची बारीक वाळू आणि २५० ग्रॅम कीझेलगूर, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या सांगाड्यांपासून बनलेली हलकी माती, मिसळायची. मिश्रण खलात घोटत राहायचे. वाळूचे तीक्ष्ण कण पेशींच्या भित्तिका फाडतात. आतील द्रव बाहेर येऊन कोरडे मिश्रण ओलसर, लोण्यासारखे मऊ होऊ लागते. मग १०० ग्रॅम पाणी घालून तो लगदा जाड कापडात बांधायचा आणि जलदाबयंत्रात ४०० ते ५०० वातावरणांइतक्या दाबाखाली पिळून काढायचा. उरलेली पेंड पुन्हा घोटून, पाणी घालून पुन्हा पिळायची. अशा रीतीने एक किलो यीस्टपासून सुमारे ५०० घन सेंटिमीटर रस मिळे. त्यातील सुमारे ३०० घन सेंटिमीटर हा पेशींमधील मूळ द्रव असे. या कृतीत कोठेही उष्णता नव्हती आणि कोणतेही तीव्र रसायनही नव्हते.

हा रस प्राण्यांवरील प्रयोगांसाठी वापरायचा होता. परंतु तो लवकर नासे. नेहमीची जंतुनाशके घालावीत, तर प्राण्यांवरील प्रयोग बिघडत. घरोघरी मुरांबा किंवा साखरांबा टिकवण्यासाठी जो उपाय केला जातो, तोच येथे योजण्यात आला. रसात भरपूर साखर घालण्यात आली. घट्ट पाकात जंतू वाढत नाहीत, हे सर्वश्रुत होते.

साखर घातलेला रस मात्र शांत राहिला नाही. थोड्याच वेळात त्यातून वायूचे बुडबुडे निघू लागले आणि ते तासन्तास निघतच राहिले. दुसऱ्या एखाद्याने रस बिघडला असे समजून तो ओतून दिला असता. एडुआर्ट यांच्या मनात तीन वर्षे घोळत असलेला प्रश्न त्या बुडबुड्यांत त्यांना दिसला. तो वायू कार्बन डायऑक्साइड होता, आणि रसात अल्कोहोल तयार होत होते. यीस्टच्या पेशी मेल्या होत्या, फाटल्या होत्या, पेंडीत उरल्या होत्या. तरीही त्यांचे काम चालू होते.

या ठिकाणी बुखनर यांची खरी कसोटी लागली. इतका मोठा दावा करायचा, तर प्रत्येक शंकेला आधीच उत्तर द्यायला हवे. रसात चुकून काही जिवंत पेशी राहिल्या असतील तर? त्यांनी रस अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळणीतून गाळला; किण्वन थोडे उशिरा, पण झालेच. रस क्लोरोफॉर्मने संपृक्त केला, ज्यात जिवंत यीस्ट तग धरत नाही. तरीही वायू निघत राहिला. द्राक्षशर्करा, फलशर्करा, ऊसशर्करा आणि माल्टशर्करा यांचे किण्वन रसाने केले. दुधातील शर्करेला तो शिवला नाही. बिअरचे जिवंत यीस्ट नेमके हेच करते. रस हलक्या उष्णतेवर वाळवला, तर उरलेल्या कोरड्या द्रव्यातही ती शक्ती टिकून राहिली. पण रस तापवून प्रथिने साकळली की ती शक्ती नाहीशी होई. यावरून किण्वनकारक द्रव्य प्रथिनस्वरूप असावे, असा निष्कर्ष बुखनर यांनी काढला आणि त्याला झायमेज हे नाव दिले. पेशीवाचून होणाऱ्या अल्कोहोली किण्वनावरचा त्यांचा निबंध ९ जानेवारी १८९७ रोजी जर्मन रसायन परिषदेच्या नियतकालिकाकडे पाठवण्यात आला. तेव्हा त्यांचे वय ३६ वर्षांचे होते. पाश्चर यांचे निधन होऊन जेमतेम सव्वा वर्ष झाले होते.

विरोध अपेक्षेप्रमाणे झाला. काही प्रयोगशाळांमध्ये रस निष्क्रिय निघाला. यीस्टची जात, त्याचा ताजेपणा आणि घोटण्याची रीत यांवर सारे अवलंबून असते, हे कळायला वेळ लागला. रसात जिवंत पेशी नसल्या तरी जिवंत जीवद्रव्याचे तुकडे असतील आणि तेच काम करत असतील, असे अनेकांचे म्हणणे पडले. अशाच प्रयोगांवर आधी काम केल्याचा दावाही पुढे आला. बुखनर यांनी वादाला प्रयोगांनीच उत्तरे दिली. १८९८ मध्ये ते बर्लिनच्या कृषी महाविद्यालयात प्राध्यापक झाले, आणि पुढील काही वर्षे त्यांनी व त्यांच्या विद्यार्थ्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. अॅसिटोनने यीस्ट पूर्णपणे मारून त्याची कोरडी पूड केली. ती पूड साखर आंबवत होती. पुढे व्हिनेगर तयार करणाऱ्या जीवाणूंवरही त्यांनी हीच रीत वापरली. मेलेल्या जीवाणूंनी अल्कोहोलचे अॅसेटिक आम्ल केले. मेलेल्या पेशीची पूड जर रसायने बनवत असेल, तर जीवद्रव्याच्या जिवंत तुकड्यांचा आधार घ्यायला जागाच उरत नव्हती.

१९०० मध्ये बुखनर यांचा विवाह ट्यूबिंगेनमधील गणिताच्या प्राध्यापकांची कन्या लोट्टे श्टाल यांच्याशी झाला. दोनच वर्षांनी, १९०२ मध्ये, हान्स यांचे निधन झाले. झायमेजवरील सर्व प्रयोगांचा संग्रह असलेला ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यावर एडुआर्ट बुखनर, हान्स बुखनर आणि मार्टिन हान अशी तिघांची नावे होती. शिक्षणासाठी हात देणाऱ्या आणि आपल्या संस्थेची दारे उघडून देणाऱ्या बंधूचे नाव अशा रीतीने त्या शोधाशी कायमचे जोडले गेले.

१९०७ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक एडुआर्ट बुखनर यांना जाहीर झाले. पारितोषिक वितरणाच्या दोनच दिवस आधी स्वीडनचे राजे दुसरे ऑस्कर मरण पावल्यामुळे त्या वर्षीचा समारंभ रद्द झाला. बुखनर यांनी पेशीवाचून होणाऱ्या किण्वनावरील आपले व्याख्यान ११ डिसेंबर रोजी दिले. १९०९ मध्ये ते ब्रेस्लाऊ विद्यापीठात आणि १९११ मध्ये व्यूर्त्सबुर्ग येथे गेले. मोकळ्या वेळात त्यांना गिर्यारोहणाचा छंद होता.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले, तेव्हा बुखनर ५४ वर्षांचे होते. या वयात, नोबेल विजेत्या प्राध्यापकाला रणांगणावर जाण्याचे बंधन नव्हते. ते स्वेच्छेने गेले आणि दारूगोळा वाहून नेणाऱ्या तुकडीत अधिकारी म्हणून दाखल झाले. १९१६ मध्ये त्यांना अध्यापनासाठी व्यूर्त्सबुर्गला परत बोलावण्यात आले. प्रयोगशाळा, विद्यार्थी आणि कुटुंब यांच्यात परतलेला हा माणूस तेथे राहिला असता, तर कोणी नाव ठेवले नसते. पण १९१७ मध्ये त्यांनी पुन्हा युद्धसेवेसाठी नाव दिले. ३ ऑगस्ट १९१७ रोजी रुमानियाच्या आघाडीवर ते जखमी झाले आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत फोक्शानी येथील लष्करी इस्पितळात त्यांचे निधन झाले. तेव्हा ते ५७ वर्षांचे होते.

त्याच काळात जर्मनीत यीस्ट वेगळ्याच कामी लागलेले होते. ब्रिटिश नाकेबंदीमुळे बाहेरून येणारी तेले व चरबी बंद झाली होती आणि स्फोटकांसाठी लागणारे ग्लिसरीन दुर्मीळ झाले होते. आंबणाऱ्या साखरेत सल्फाइट क्षार घातले की यीस्ट अल्कोहोलऐवजी मोठ्या प्रमाणात ग्लिसरीन तयार करते, असे आढळले. या रीतीने महिन्याला सुमारे १००० टन ग्लिसरीन काढण्यात येऊ लागले आणि ते नायट्रोग्लिसरीन बनवण्यासाठी वापरले गेले. किण्वन हे रसायन आहे आणि रसायन असल्यामुळे ते हव्या त्या दिशेने वळवता येते, हे सत्य प्रयोगशाळेत सिद्ध झाले होते. ते प्रथम एवढ्या मोठ्या प्रमाणावर राबवले गेले ते युद्धासाठी, ही गोष्ट बुखनर यांच्या चरित्रातून वगळता येत नाही.

बुखनर यांच्या हयातीतच त्यांच्या रसाने पुढचे रहस्य उलगडायला सुरुवात केली होती. लंडनमध्ये आर्थर हार्डेन आणि विल्यम यंग यांनी १९०६ मध्ये दाखवले की यीस्टचा रस विशिष्ट गाळणीतून गाळला की त्याचे दोन भाग होतात आणि कोणताही एक भाग एकटा किण्वन करू शकत नाही. दोन्ही एकत्र केले की क्रिया पुन्हा सुरू होते. त्यांपैकी एक भाग उकळला तरी निकामी होत नव्हता. म्हणजे तो प्रथिन नव्हता, विकराचा लहान आकाराचा सोबती होता. त्याला सहविकर म्हणतात. ज्या झायमेजला बुखनर एकच द्रव्य समजत होते, ती प्रत्यक्षात सुमारे डझनभर विकरांची साखळी आहे, हेही पुढील तीस-चाळीस वर्षांत स्पष्ट झाले. बुखनर यांचा तपशील येथे चुकला होता. त्यांचे मूळ प्रमेय मात्र अबाधित राहिले. हार्डेन आणि हान्स फॉन ऑयलर-केल्पिन यांना या कामासाठी १९२९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

आजच्या रसायनउद्योगातील एक नवी शाखा याच सहविकराभोवती फिरते. हा सहविकर म्हणजे इलेक्ट्रॉनांची ने-आण करणारा रेणू होय. यीस्टमध्ये साखर मोडताना तो इलेक्ट्रॉन उचलतो आणि साखळीतील शेवटच्या विकराकडे नेऊन पोहोचवतो. ते घेऊन हे विकर अॅसिटाल्डिहाइडचे अल्कोहोल बनवते. हेच किंवा याच्यासारखे विकर पेशीबाहेर काढून त्याला दुसरा योग्य कच्चा माल दिला, तर औषधनिर्मितीला लागणारी, एरवी फार कष्टाने मिळणारी अल्कोहोले ते साध्या पाण्यात, सामान्य तापमानाला तयार करते. उजव्या आणि डाव्या हातासारख्या दोन रूपांत असणाऱ्या रेणूंपैकी नेमके हवे ते रूप ते निवडून बनवते.

अडचण इलेक्ट्रॉनांची असते. तयार होणाऱ्या प्रत्येक रेणूमागे सहविकराचा एक भारित रेणू खर्ची पडतो आणि तो अतिशय महाग असतो. यीस्टची पेशी साखर जाळून त्याला पुन्हा भारित करते. पेशीच नसेल, तर हे काम विजेकडून करवून घ्यावे, असा विचार पुढे आला. द्रवात बुडवलेल्या विद्युतअग्रावरून, म्हणजे इलेक्ट्रोडवरून, आलेले इलेक्ट्रॉन सहविकराला द्यायचे, त्याने ते विकराला द्यायचे आणि रिकाम्या हाताने पुन्हा इलेक्ट्रोडकडे यायचे. नुसत्या इलेक्ट्रोडवर सहविकराची निरुपयोगी रूपेही तयार होतात. म्हणून मध्ये एखादे मध्यस्थ रसायन ठेवावे लागते. काही विकरे तर थेट इलेक्ट्रोडवर बसवली की वीज घेऊन कार्बन डायऑक्साइडचे फॉर्मिक आम्लाच्या क्षारात रूपांतर करतात. ही वीज सूर्यप्रकाशापासून मिळाली, तर खनिज तेलावाचून रसायने तयार करण्याचा एक मार्ग त्यातून मोकळा होतो. मोठी अडचण आहे ती विकरांच्या अल्पायुष्याची. ही अडचणही जुनीच. बुखनर यांचा रसही काही दिवसांत निष्प्रभ होई, कारण त्यातीलच दुसरे विकर झायमेजला पचवून टाकत असे. म्हणून आज विकरांना सच्छिद्र कार्बनवर किंवा जेलमध्ये बांधून टिकाऊ करण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत.

हे सारे प्रयोगशाळेपुरते नाही, हे पाहण्यासाठी दूर जावे लागत नाही. मधुमेहाच्या रुग्णांच्या घरी रक्तातील साखर मोजण्याचे जे लहान यंत्र असते, त्याच्या पट्टीवर सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले विकर वाळवून बसवलेले असते. बोटातून काढलेला रक्ताचा थेंब पट्टीला लागताच ते विकर रक्तातील ग्लुकोजकडून इलेक्ट्रॉन काढून घेते. ते मध्यस्थ रसायनामार्फत इलेक्ट्रोडपर्यंत पोहोचतात आणि त्यातून निर्माण झालेला सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजून यंत्र आकडा दाखवते. आजी-आजोबांची सकाळ ज्या आकड्याने सुरू होते, तो असा मिळतो. त्या कोरड्या पट्टीवर एकही जिवंत पेशी नसते. तशी ती असण्याची गरज नाही, हे १८९६ च्या सुट्टीत म्युनिकमधील एका रसाच्या बुडबुड्यांकडे पाहून एडुआर्ट बुखनर यांनी ओळखले होते.